केशरी तंतुकणिका आणि खाडीचं पाणी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेला हा प्रश्न ठरलेलाच असतो: "बाई, मोबाइलवर पेशीचे एवढे झकास व्हिडिओ मिळतात, मग पोरांना त्या जुन्या मायक्रोस्कोपला डोळा कशाला लावायला सांगता?"

व्हिडिओ मीही दाखवते. शाळा दाभोळच्या खाडीकाठी, आठवीत मुलं 42 आणि धड चालणारा मायक्रोस्कोप एक. आधी तयार अ‍ॅनिमेशनच लावायचे. मग एकाने हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानाची स्लाइड बघून वहीत केशरी तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक भाग, मायटोकॉन्ड्रिया) काढल्या. आमच्या मायक्रोस्कोपातून त्या दिसतच नाहीत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं मूळ चित्रसुद्धा काळंपांढरं, रंग मागाहून भरलेले. पोराने बिचाऱ्याने पडद्यावर पाहिलेलं काढलं होतं.

तेव्हापासून व्हिडिओ आमचे आम्ही काढतो. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, मोबाइल धरायचा, हात हलतो म्हणून कोपर टेबलाला टेकवायचं. हायड्रिलाचं पान जेमतेम दोन पेशी जाड, त्यामुळे कापायची भानगड नाही. थोडा वेळ दिव्याखाली राहिलं की हिरवे दाणे, म्हणजे हरितलवकं, पेशीच्या कडेकडेने सरकायला लागतात. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा वर्ग बाकांवर चढला होता. (पावसाळ्यात आयपीसला बुरशी धरते. तिचे धागेही मुलांनी 'पेशीतले' म्हणून काढलेत. आयपीस फिरवा, धागे सोबत फिरले तर ते पेशीतले नव्हेत.)

खरी मजा रिओच्या पानाची. रिओ म्हणजे खालून जांभळ्या पानांचं शोभेचं झाड. जांभळ्या बाजूची पातळ साल सोलून पाण्यात ठेवली की जांभळ्या फरश्या बसवल्यासारख्या पेशी दिसतात. मग कव्हरस्लिपच्या (वरच्या पातळ काचेच्या) एका कडेला खाडीच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या कडेला टिपकागद. पावसात खाडीला गोडं पाणी येतं, म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर. खारं पाणी पेशीतलं पाणी बाहेर ओढतं आणि बघता बघता जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. पेशीभित्तिका जागच्या जागी, आतलं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचा पातळ पडदा, तेवढं आक्रसलेलं. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. हे एकाच वेळी 42 जणांना दिसतं ते व्हिडिओमुळेच, आणि हवं तिथे थांबवताही येतं.

पण गेल्या वर्षी एकाने व्हिडिओ उलटा सरकवला आणि म्हणाला, "बाई, पाणी परत भरलं!" ते पाणी नव्हतं, त्याचं बोट होतं. म्हणून मग खरंच गोडं पाणी सोडलं. काही पेशी फुगल्या, काही तशाच मेलेल्या राहिल्या. उलट्या व्हिडिओत मात्र झाडून सगळ्या फुगतात.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "मग आजीच्या बरणीतल्या खारातल्या कैरीला गोडं पाणी घातलं तर ती पुन्हा करकरीत होईल?"

म्हटलं, एक फोड काढून बघ. आजीला विचारून.