अनास्तासिया वाचली नव्हती!

रशियाच्या राजघराण्यावरचा माहितीपट आज टीव्हीवर लागला, आणि बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न नेहमीचाच: शेवटच्या झारची (सम्राटाची) धाकटी मुलगी अनास्तासिया हत्याकांडातून निसटली होती ना? नाही.

१७ जुलै १९१८च्या पहाटे येकातेरिनबुर्गमध्ये ११ जणांना गोळ्या घातल्या. झारचं कुटुंब ७ जणांचं, बाकी डॉक्टर आणि नोकर. १९९१मध्ये खड्डा उकरला तेव्हा सांगाडे निघाले ९. गोंधळ इथेच झाला. उरलेले दोन, म्हणजे झारचा मुलगा अलेक्सेई आणि त्याची एक बहीण, वेगळे जाळून पुरले होते. त्यांचे अवशेष २००७मध्ये साधारण ७० मीटरवर सापडले.

ओळख पटली मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून. तो फक्त आईकडून येतो, म्हणून ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांचं रक्त उपयोगी पडलं: त्यांच्या आईची आई झारिनाची (झारच्या पत्नीची) सख्खी बहीण. झारचा नमुना मात्र अडला. त्याच्या डीएनएमध्ये एका जागी दोन प्रकार दिसत होते. मग १९९४मध्ये त्याच्या भावाची, गिओर्गीची कबर उघडली. त्याच्यातही तेच दोन प्रकार! म्हणजे नमुना झारचाच.

‘मीच अनास्तासिया’ म्हणणाऱ्या अॅना अँडरसनचा दावाही १९९४च्या चाचणीत कोसळला. ती १९८४मध्येच वारली होती, रुग्णालयात जपलेला ऊतीचा तुकडा कामी आला.

आणि ‘माहितीपटात ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये कशी?’ म्हणणाऱ्यांनो, तेव्हाचं रशियन कॅलेंडर १३ दिवस मागे होतं. माहितीपटाची चूक नाही.