समुपदेशन कक्षाची भिंत पातळ नको

समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलं कॉलेजच्या समुपदेशकाकडे का फिरकत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या खोलीतच सापडतं. कक्ष ऑफिसला लागून. दारात रजिस्टर, त्यात ‘समस्या’ असा रकाना. समोर बसलेले सर प्रात्यक्षिकाचे गुण देतात आणि गावाकडे त्यांची सोयरीकही निघते. खेड्यातून लातूरला, संभाजीनगरला शिकायला आलेल्या पोराला एकच धास्ती असते: घरी कळलं तर? शिक्षण बंद आणि येत्या लग्नसराईत डोक्याला बाशिंग.

म्हणून तो रकाना आधी काढा. रजिस्टरात नावाऐवजी क्रमांक लिहा आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. गुण ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याकडे त्याच वर्गाचं समुपदेशन देऊ नका. दुसऱ्या विभागाचे शिक्षक नेमा.

पहिल्या भेटीत प्रश्न विचारण्याआधी गुप्ततेची हद्द सांगायची. “तुझ्या जिवाला धोका दिसला तर मला कुणाला तरी सांगावं लागेल. तेव्हाही मी धोक्याबद्दलच बोलेन, बाकी तुझ्याबद्दल नाही.” अकरावी-बारावीची मुलं बहुधा 18 च्या आतली असतात. लैंगिक संबंधांविषयी काही कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, हे त्यांना तोंड उघडण्याआधी माहीत असायला हवं. नंतर सांगणं म्हणजे विश्वासघातच. पारलिंगी विद्यार्थ्याला कोणत्या नावाने हाक मारू हे विचारतानाच घरी फोन करावा लागला तर कोणतं नाव घेऊ, हेही विचारून ठेवा. तिथे जीभ घसरली की सगळं उघडं पडतं.

मरणाचे विचार येतात का, हे आडवळण न घेता विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट मूल मोकळं होतं. आपल्याकडे घरोघरी फवारणीचं औषध असतं, आणि तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ ते हाताशी नसणं फार मोलाचं. दिवाळीला किंवा उन्हाळ्यात, नेमका स्थळांचा विषय निघतो तेव्हा, मूल गावी निघण्याआधी त्याच्याशी ठरवून बहीण, मावशी अशा विश्वासाच्या माणसाला ते औषध कुलपात ठेवायला सांगा. “सध्या फार ताणात आहे, एकटं सोडू नका,” एवढंच कारण पुरतं. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

झोप उडाली, जेवण तुटलं, वर्गात येणं थांबलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. संभाजीनगरात घाटी या सरकारी रुग्णालयात तसा विभाग आहे. चिठ्ठीत लक्षणं लिहा. लैंगिक कल लिहायचा की नाही हे विद्यार्थी ठरवेल.

“ह्याला नीट करून द्या” म्हणत पालक आले, तर ठामपणे नकार द्या. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असं ‘नीट’ करायला जाणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवलं आहे.

होस्टेलवर यावरून चिडवाचिडवी चालू असेल तर ती रॅगिंगच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 पासून लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांचा उल्लेख आहे. तक्रारीसाठी 1800-180-5522. पण फोन लावायचा की नाही, हे आधी त्या मुलाला विचारा.