तेल घातलास काय?

आमच्या गल्लीत कुणाच्या गॅरेजचं शटर कुरकुरलं की सगळ्यांकडं एकच औषध असतंय, तेल घाल. बेळगावच्या अनगोळात राहायचं म्हणजे हे ऐकून घ्यायलाच पाहिजे, कारण इथं उद्यमबागेतल्या कारखान्यांत टर्नर नाहीतर फिटर म्हणून हाडं झिजवलेली माणसं गल्लोगल्ली, आणि रिटायर झाली तरी त्यांचे हात शिवशिवतातच. समोरचे काका दुधाची पिशवी घेऊन येता येता थांबतात, "काय करूलालास? तेल घातलास काय?" आणि आपण हो-नाही म्हणायच्या आत काकूंच्या नकळत वाटीत गोडं तेल घेऊन हजर. तोवर आणखी कोणतरी म्हणतो गोडं तेल कशाला, जळकं ऑइल आणतो की, आमच्या मेकॅनिककडं डबाभर पडलंय.

घर बांधताना पुढं गाडीसाठी एक खोली काढायची आणि तिला दुकानासारखं शटर बसवायचं ही आमच्याकडची रीतच पडलीय. आत गाडी असतेच असं नाही, आत तांदळाची पोती, गणपतीचं मखर, दिवाळीच्या किल्ल्यासाठी पोरांनी जमवलेले दगड, आजोबांची सायकल, आणि गाडी बाहेर पावसात भिजत उभी. खरं शटर मात्र रोज वरखाली होतंयच.

आता तेलाचं सांगतो. शटरच्या दोन्ही बाजूला जी लोखंडी खाच असते, चॅनल म्हणतात, तिच्यात पट्ट्यांची टोकं सरकतात. उन्हाळाभर आपल्याकडची तांबडी धूळ उडून तिथंच जाऊन बसते, वरनं तेल ओतलं की तिचं काळपट मलम होतं, दोन-चार दिवस शटर लोण्यासारखं चालतं आणि मग पहिल्यापेक्षा जड. पाऊस लागला की विचारूच नका. म्हणून मी मे महिन्यात, वळीव पडून जायच्या आत, जुना टूथब्रश आणि कोरडं फडकं घेऊन बसतो. एकदा खाचेत मातीचं काहीतरी घट्ट चिकटलेलं दिसलं, स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तर कुंभारीण माशीचं घर, आणि आत बारके बारके कोळी गच्च भरलेले, मेलेले वाटतात खरं मेलेले नसतात, ती डंख मारून त्यांना नुसतं लुळं करते, अंड्यातनं अळी बाहेर आली की तिला ताजं खायला मिळावं म्हणून. म्हणजे आमचं शटर अडत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी बाळंतपणाच्या तयारीमुळं, आणि आम्ही त्याच्यावर तेल ओतूलालो होतो.

चॅनल साफ झालं की सिलिकॉन स्प्रेचा हलका हात पुरतो. ग्रीस द्यायचं ते शटर गुंडाळतं त्या वरच्या पाईपच्या बेअरिंगला. गोकाककडचे एक शटरवाले मिस्त्री येतात, मराठी झकास बोलतात, खरं चिडले की कानडीवर जातात. चॅनलला बोट लावून त्यांनी ते बोट माझ्या नाकासमोर धरलं, "एण्णी ब्याडरी, मदलं स्वच्छ माडरी!" तेल नको, आधी साफ करा. मग त्यांनी शटर अर्ध्यावर आणून हात सोडला. तिथंच थांबलं तर स्प्रिंग ठीक, धाडकन खाली आलं तर स्प्रिंग ढिली, आपोआप वर पळालं तर जास्त आवळलीय. एवढी सोपी परीक्षा, आणि आमच्या गल्लीतल्या एवढ्या फिटरांपैकी एकानं सांगितली नव्हती. मात्र स्प्रिंगला आपण हात लावायचा नाही, पाईपच्या आत सगळ्या शटरचं वजन तोलणारी ताकद पिळून ठेवलेली असते, पाना निसटला तर मनगट गेलंच समजा.

आत्याचा पोरगा न्यूजर्सीत असतो, त्याच्याकडं पूर्ण दारच छताखाली रुळावर सरकत जातं. तिकडं 1993 पासून घरगुती मोटरच्या नवीन दारांना सेफ्टी सक्तीची आहे, त्यामुळं खाली दोन्ही बाजूला दोन डोळे असतात, मधी मांजर आलं तरी दार परत वर. महिन्यातनं एकदा तो दाराखाली लाकडाची फळी आडवी ठेवून बघतो, टेकून दार उलटं फिरलं तर पास. त्याच्या स्प्रिंगलाही आयुष्य लिहिलेलं, साधारण 10,000 वेळा वरखाली, म्हणजे दिवसाला चारदा धरलं तर सातएक वर्षं. आमच्या शटरला ना डोळे ना आयुष्याचा आकडा, म्हणून पोरं खालून पळाली की आई आतनं ओरडते, तोच आमचा सेन्सर.

जूनपासून खालची पट्टी भिजत राहते आणि गंज तिथनंच चढतो, म्हणून ती घासून रेड ऑक्साइड मारायचं काम पावसाआधीच उरकावं, नंतर आमच्याकडं ऊन कुठलं मिळतंय.

बाकी खंडेनवमीला शटरचा थाट बघावा. धुवून पुसून झेंडूचा हार, लिंबू, आणि आई हळदकुंकवाचं बोट नेमकं कुलपाच्या भोकावरच टेकवते. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला निघावं तर किल्ली फिरत नाही. काका वाटी घेऊन निघालेलेच असतात, त्यांना हातानंच थांबवायचं, पोराच्या कंपासातली पेन्सिल मागायची आणि तिचं शिसं किल्लीच्या दात्यांवर चांगलं घासायचं, दोनदा आतबाहेर केली की फिरते.