टीडीएस शून्य, तरी वाळू तपकिरी

ठाण्यातल्या एका डेंटिस्टकडे क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये चार फुटी मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा फिश टँक, लावून दिला होता. सायकल झालेली (म्हणजे माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये बसलेले), अमोनिया-नायट्राइट शून्य, क्लाउनफिशची जोडी मजेत, आणि मग डॉक्टरांचा फोन, "अहो, सगळी वाळू तपकिरी झालीय, पेशंट विचारतायत." गेलो तर पांढऱ्या वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यागत थर, डॉक्टर टूथब्रशने खडक घासतायत (सवय!) आणि कुठल्यातरी दुकानदाराने अल्गी (शेवाळ) मारायची बाटली गळ्यात मारलेली. डाग दिसला की बाटली विकायची, एवढंच येतं यांना. ती आधी कपाटात ठेवायला लावली.

डायनो (डायनोफ्लॅजेलेट, असाच तपकिरी थर करणारे दुसरे सूक्ष्मजीव) असते तर चिकट तारा आणि त्यात अडकलेले बुडबुडे दिसले असते, इथे बोट लावलं की भुगा सुटत होता. मायक्रोस्कोपखाली डायटमच, म्हणजे एकपेशीय तपकिरी अल्गी. यांचं कवचच सिलिकाचं, म्हणजे पाण्यात सिलिकेट येतंय.

पण कुठून? पाणी आरओ-डीआय युनिटचं (आधी आरओ फिल्टर, मग उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन), रेझिन नवीन, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर खरंच शून्य. सिलिकेटचं किट लावलं तर पाणी निळं झालं! टीडीएस मीटर मोजतो वीज वाहण्याची क्षमता, आणि पाण्यातली सिलिका बहुतेक बिनचार्जच्या सिलिसिक ॲसिडच्या रूपात असते, ती मीटरला दिसणार कशी? वर रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी तीच सुटते. आपल्याकडचं पाणी बेसॉल्टच्या डोंगरांतून येतं, टीडीएस कमी असला तरी सिलिका असतेच.

पण नवीन रेझिन इतक्यात संपलं कसं, ते मला कळेना. तेवढ्यात असिस्टंट ताई कॅन घेऊन आल्या आणि त्याच नळाखाली लावला. ऑटोक्लेव्हसाठी! त्याला डिस्टिल्ड पाणी विकत आणावं लागतं, म्हणून हे फुकटचं. दिवसभर हत्यारं निर्जंतुक होतायत माझ्या रेझिनवर.

रेझिन बदललं, रिॲक्टरमध्ये (पाणी ज्यातून फिरवतात ती नळी) फॉस्फेटबरोबर सिलिकेटही ओढणारं जीएफओ (लोहाच्या ऑक्साइडचे दाणे) घातलं, वाळूचा वरचा थर सायफन केला, थोड्या गोगलगायी सोडल्या. हळूहळू वाळू पांढरी झाली. डॉक्टर मला जादूगार समजतात, पण नव्या टँकमधले डायटम काही आठवड्यांत बऱ्याचदा आपले आपणच जातात, मग माझ्या रेझिनने किती केलं आणि टँकच्या वयाने किती, हे मलाच सांगता येत नाहीये. बिल मात्र पूर्ण लावलं.

परवा परत फोन, "आता काच हिरवी व्हायला लागलीय." म्हटलं डॉक्टर, हे चांगलंय, डायटम जाऊन हिरवी अल्गी आली म्हणजे टँक मुरतोय, काच पुसायचा मॅग्नेट फिरवत जा. ऑटोक्लेव्हचं पाणी आता बाहेरून आणतो म्हणाले. पुढच्या वेळी किट घेऊनच जाणार आहे.