ऑरेंज वाईनसाठी नागपूर ते नाशिक, आणि येताना वर्धा टाळून

आधीच सांगून टाकतो, ऑरेंज वाईनमध्ये संत्रं नसतं. मला माहीत होतं, काकाजींना नव्हतं, म्हणून ते मृग बहाराच्या संत्र्यांची पेटी डिकीत टाकूनच गाडीत बसले, "बघू दे ना त्यांनाही आपला माल."

फेब्रुवारीत पहाटे पाचला शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि सिन्नरजवळ उतरलो. स्पीड लिमिट १२० आहे पण रस्ता इतका सरळ की डोळा लागतो, दर दोन तासांनी थांबाच, टायरची हवा आदल्या दिवशी बघून घ्या आणि डबा घरूनच न्या.

वायनरी दिंडोरीकडे, घरचीच, नवरा-बायको आणि मुलगा एवढेच. बोर्ड नाही, फोन केल्याशिवाय जाऊ नका कारण तोडणी चालू असली तर तुमच्याशी बोलायला कोणालाच वेळ नसतो. आम्ही गेलो तेव्हा शिंगं उकरायचं काम चाललं होतं. गाईच्या शिंगात शेण भरून पावसाळा संपला की पुरतात, हिवाळाभर जमिनीत राहतं, मग काढतात. काकूंनी एक शिंग दगडावर आपटून हातावर रिकामं केलं, मला वाटलं वास येईल, पण शेणाचा मागमूस नाही, काळी मऊ माती, पहिल्या पावसानंतर येतो ना तो वास. याला शिंगखत म्हणतात. एकरी मूठभरसुद्धा लागत नाही, ते तेरा-चौदा लिटर पाण्यात तासभर ढवळायचं, मध्ये भोवरा पडला की लगेच उलट्या दिशेने. मुलाने काठी माझ्या हातात दिली, दहा मिनिटांत खांदे गेले.

या पद्धतीला बायोडायनॅमिक शेती म्हणतात, हे सगळं रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताने १९२४ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून आलंय, चंद्र बघून कामं करणं वगैरे. मला चंद्राचं काही पटलं नाही, पण वायनरीवाले काका प्रामाणिक निघाले, म्हणाले गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) पाऊस लागला की डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) चंद्राला विचारून येत नाही, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारावंच लागतं. बोर्डो आणि गंधक या पद्धतीत चालतं, काहीच फवारत नाहीत असा समज करून जाऊ नका.

वाईनचं असं, बाहेरचं यीस्ट टाकत नाहीत, सालीवरच्या यीस्टवरच आंबवतात, गाळत नाहीत, सल्फाइट (वाईन टिकवायला घालतात ते) जवळपास नाहीच. ऑरेंज म्हणजे पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवायची, रंग सालीतून उतरतो. मागच्या वर्षी एक टाकी व्हिनेगर झाली म्हणाले, आणि तो व्हिनेगर आमच्या जेवणात काकडीवर होता! चव? तुरट, कोऱ्या चहासारखी, मागून संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. काकाजींनी विजयी नजरेने पेटीकडे बघितलं. गोड काहीतरी अपेक्षित असेल तर निराश व्हाल, पत्नीने अर्धा ग्लास माझ्याकडे सरकवला. टेस्टिंगला पैसे पडतात, वय एकवीस पूर्ण हवं, आयडी ठेवा.

आता मुद्द्याचं. बाटल्या घेऊन समृद्धीने सरळ परत येऊ नका राजेहो, मध्ये वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. रेल्वेनेही तेच, वर्धा चुकत नाही. आम्ही कारंजा लाडला उतरलो (कारंजा घाडगे नाही, ते वर्ध्यातच आहे), मग अमरावती, मोर्शी, वरुड, जलालखेडा, काटोल असं संत्र्याच्या बागांमधून घरी. दोनेक तास जास्त लागले. दारूचं परमिट आणि बिल हाताशी असू द्या. सल्फाइट नसलेली बाटली उन्हात तापली की बिघडते, त्यामुळे आइसबॉक्स न्याच, आणि एप्रिल-मेमध्ये हा उद्योग करूच नका.

आठवड्याने बाटली उघडली. तळाशी गाळ बघून काकाजी काही न बोलता उठले आणि स्वयंपाकघरातून चहाची गाळणी घेऊन आले.