वेअरहॅम ते एडिसन : अर्धी गाडी, भाड्याचा ट्रक आणि तीन फूट उंची

किट कार म्हणजे सुट्ट्या भागांची गाडी. कंपनी चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि खोक्यांचा ढीग देते, जोडायचं आपण. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावात 'फॅक्टरी फाइव्ह' नावाची कंपनी १९९५ पासून हा धंदा करते. तिची सगळ्यात प्रसिद्ध गाडी म्हणजे शेल्बी कोब्राची नक्कल. असली कोब्रा १९६२ ची. ब्रिटिश एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून कॅरोल शेल्बीने ती काढली. तशा गाड्या हजाराच्या आसपासच बनल्या. आज त्यांच्या किमती बघून आपण निमूटपणे पान उलटतो.

मी नक्कल घेतली, तीही अर्धवट. वेअरहॅमजवळच्या एका आजोबांनी आठ वर्षांपूर्वी सुरू केली होती आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर विकायला काढली. चॅसिस चाकांवर उभी, इंजिन वेगळं, बॉडी नुसती वर ठेवलेली, ब्रेक पाइप नाहीत, स्टिअरिंगचा दांडा नाही आणि खोकी एकवीस. ती न्यू जर्सीतल्या एडिसनला आणायची होती. अंतर साधारण अडीचशे मैल.

ट्रेलर का नाही, असं सगळ्यांनीच विचारलं. एक तर ओढायला दणकट गाडी हवी, ती माझ्याकडे नाही. भाड्याने ट्रेलर देणारा संगणक गाडीचं मेक आणि मॉडेल विचारतो. ह्या गाडीचं नाव त्याच्या यादीतच नव्हतं. शिवाय उघड्या ट्रेलरवर एकवीस खोकी आणि ऑक्टोबरातला पाऊस, हे गणित जमेना. म्हणून २६ फुटी बंद ट्रक घेतला. त्याचं कमाल वजन २६,००० पौंडांच्या आत ठेवलेलं असतं, त्यामुळे साधं लायसन्स चालतं.

ट्रक घेताना दोन गोष्टी तोंडाने विचारा आणि कागदावर वाचा. पहिली, ट्रकच्या आत वाहन ठेवलेलं चालतं का. पुष्कळ घरसामान-ट्रकवाले सरळ नाही म्हणतात. मी धंद्याची गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या काउंटरवर गेलो, तिथे हो म्हणाले, आणि ट्रकच्या भिंतींना ई-ट्रॅक, म्हणजे पट्टे अडकवायला खाचा असलेली पोलादी पट्टीही मिळाली. घरसामानाच्या ट्रकमधल्या लाकडी पट्ट्या सोफा धरायला असतात, गाडी बांधायला नाही. दुसरी गोष्ट विम्याची. आपला कारचा विमा आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण एवढ्या मोठ्या ट्रकला बहुधा लागू नसतं. काउंटरवरचा विमा घेतला तरी छत पुलाला घासलं तर तो बऱ्याचदा हात वर करतो. आतल्या मालाचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

आता चढवणं. अडीचशे मैलांचं मला काही वाटत नव्हतं, पण ट्रकची फळी जमिनीपासून तीन फुटांवर होती आणि आमचा अख्खा सकाळचा वेळ त्या तीन फुटांनी खाल्ला.

मी आणि सोबत आलेला प्रसाद दहा फुटी अॅल्युमिनियमचे रॅम्प घेऊन गेलो होतो. हाताची विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र, ट्रकच्या आत पुढे अडकवली आणि दात मोजत गाडी ओढायला लागलो. पुढची चाकं वर चढली, आम्ही खूश. आणखी दोन फूट, आणि खर्रर्र. चॅसिसच्या नळ्या फळीच्या कडेवर टेकल्या. पुढची चाकं आत, मागची रॅम्पवर, पोट मध्ये. ना पुढे, ना मागे. आजोबा खुर्चीवर बसून कॉफी पीत होते. "बाळांनो, कागद-पेन्सिल आणू का?"

आणली. हिशोब असा : तीन फूट उंचीला दहा फूट रॅम्प म्हणजे साडेसतरा अंशांचा चढ. गाडीच्या चाकांमधलं अंतर ९० इंच. माथ्यावर गाडी मधोमध आली की पोटाखाली जवळपास सात इंच मोकळे लागतात. आमच्याकडे होते पाच, तेही इंजिन नसल्यामुळे. ह्या गाडीला चौदा फुटांहून आखूड रॅम्प चालणारच नाही. हे गणित घरी बसून पाच मिनिटांत झालं असतं. दोघंही इंजिनिअर आहोत, हे आजोबांना सांगितलं नाही.

शेवटी आजोबांनीच ओळखीचा रोलबॅकवाला बोलावला. रोलबॅक म्हणजे बंद पडलेल्या गाड्या उचलणारा, पाठ तिरकी करून जमिनीला टेकवणारा ट्रक. त्याने गाडी स्वतःच्या विंचने मागे ओढून पाठीवर घेतली. मग आमच्या ट्रकच्या तोंडाला तोंड लावून पाठ किंचित आमच्याकडे कलती केली, मधल्या फटीवर आमचेच रॅम्प पालथे टाकले आणि विंच सैल सोडत गाडी अलगद आत घातली. वीस मिनिटं, १५० डॉलर. मी तर म्हणेन रॅम्प नेऊच नका, दोन्ही टोकांना रोलबॅक आधीच ठरवून ठेवा. उतरवताना तर तो आणखी कामाचा, कारण ब्रेक नसलेली गाडी उतारावर सोडण्याची हिंमत विंचशिवाय करू नये.

बांधण्याबद्दल. भाड्याच्या ट्रकच्या फळीला खिळे ठोकता येत नाहीत. म्हणून दोन-बाय-सहा इंची लाकडाची चारही चाकांना कवटाळणारी चौकट केली, तिची टोकं बाजूच्या भिंतींना आणि पुढच्या भिंतीला टेकवली. वर चार रॅचेट पट्टे, म्हणजे दांडी हलवून आवळायचे पट्टे. ई-ट्रॅक गुडघ्याच्या उंचीला असल्याने पट्टा गाडीला खाली दाबत नाही, बाजूला ताणतो. म्हणूनच ती चौकट हवी. दोन इंची पट्टा घ्या, त्यावर ३,३३३ पौंड कामाचा भार लिहिलेला असतो. तयार गाडीचं वजनच २,३०० च्या आसपास. स्टिअरिंग नसलं तर पुढची चाकं स्वतःच्या मर्जीने वळतात, ती आडवं लाकूड लावून सरळ बांधा. बॉडी चॅसिसवर नुसती ठेवलेली असेल तर प्रत्येक टेकूखाली फोम घाला. इंजिन स्टँडवर कधीही नेऊ नका. फोर्डचं लोखंडी ३०२ (घन इंचांचं) इंजिन साडेचारशे पौंडांच्या वर जातं आणि स्टँडच्या चाकांवर नाचतं. आम्ही ते जुन्या टायरमध्ये बसवून पुढच्या भिंतीला आवळलं.

ट्रकवाल्यांच्या नियमात पहिल्या ५० मैलांत माल तपासायचा असतो. आम्ही प्रॉव्हिडन्स ओलांडून थांबलो. उजवा मागचा पट्टा इतका सैल की मूठ आत गेली. शिवाय नळीचा काळा रंग पट्ट्याने रुपयाएवढा खरवडून चकचकीत पोलाद दिसत होतं. आईने दिलेली जुनी गोधडी खोकी झाकायला आणली होती, तिचे चार तुकडे करून प्रत्येक नळीवर गुंडाळले. आईला अजून कळलेलं नाही.

रस्ता सोपा होता : आय-१९५ ने प्रॉव्हिडन्स, तिथून आय-९५ ने अख्खं कनेक्टिकट, मग आय-२८७ ने मारिओ कुओमो पूल ओलांडून थेट एडिसन. ह्या दिशेने त्या पुलावर टोल नाही. न्यू हेवननंतर मात्र फोन लाडीगोडी लावायला लागतो, मेरिट पार्कवे घे, अकरा मिनिटं वाचतील. घेऊ नका. तिथे ट्रकना बंदी आहे आणि पूल बुटके आहेत. न्यू जर्सीत शिरल्यावर गार्डन स्टेट पार्कवेचा मोहही टाळा, त्याच्या उत्तर भागात ट्रक चालत नाहीत. बॉस्टनमध्ये दर १ सप्टेंबरला घर बदलणारा कुणी ना कुणी स्टोरो ड्राइव्हच्या पुलाखाली ट्रकचं छत सोलून घेतो. तिथे त्या प्रकाराला 'स्टोरोइंग' असं क्रियापदच पडलंय. प्रसादने ट्रकची उंची मार्करने चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावली होती. कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूकडे माझा हात वळला तेव्हा त्याने फक्त त्या पट्टीवर बोट ठेवलं. दशम्या आणि लसणाची चटणी ट्रकमध्येच खाल्ली.

डिझेल भरताना नळीचा रंग बघू नका, अक्षरं वाचा. बीपीच्या पंपावर हिरवी नळी पेट्रोलची असते, इतर बऱ्याच ठिकाणी डिझेलची.

कागद सांभाळा. कंपनीचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, विक्रीचं बिल आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जुन्या पावत्या ह्याशिवाय पुढे नोंदणीला दारात उभं करत नाहीत. आजोबांनी पावत्या बुटांच्या खोक्यात तारखेवार लावून ठेवल्या होत्या. पैसे द्यायच्या आधी मी तेवढंच खोकं नीट बघितलं, बाकीची वीस घरी आल्यावर.

एडिसनचा रोलबॅकवाला दोन तास उशिरा आला. तोवर गल्लीतली पोरं ट्रकमध्ये चढून 'काका, ही चालते का?' विचारून गेली. गाडी गॅरेजमध्ये गेली, मी नारळ फोडला. ट्रक परत देण्याआधी झाडू मारा, नाहीतर सफाईचे पैसे लावतात. झाडताना कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा एक बोल्ट सापडला. आजोबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "अच्छा, म्हणजे तो तिथे होता." कुठला, ते लिहिलं नाही.