नानांचा हयातीचा दाखला

नाना म्हणजे माझे चुलत सासरे, वय 77. आयुष्यभर एसटी चालवली, आता आंजर्ल्याला घरीच असतात. ईपीएस 95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची पेन्शन तुटपुंजी, पण तिच्यावरच त्यांची औषधं येतात. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

मागच्या खेपेला त्यासाठी ते तीनदा दापोलीला गेले. 75 च्या वरच्यांना एसटीत तिकीट नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. पण गुडघे तर त्यांचेच ना! आणि केंद्रावर अंगठा काही लागेना. वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात त्यांचा हात वर्षानुवर्षं स्टीअरिंगवर आणि नंतर सुपाऱ्या सोलण्यात गेलेला. घरी आले ते ओटीवर बसून राहिले. "मी जिता आहे हे माझा अंगठाच सांगेना गो," एवढंच म्हणाले. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

2021 पासून हा दाखला चेहऱ्यावरूनही निघतो, फोनच्या कॅमेऱ्यातून. ईपीएसवाल्यांना तो उमंग या सरकारी ॲपवरून काढता येतो. मी दहा मिनिटांत काढून दिला असता. पण नाना म्हणाले, "तू नसलीस तर पुढच्या वर्षी मी कोणाकडे जाऊ? मला शिकव." म्हणून रोज दुपारी चहानंतर अर्धा तास आम्ही बसू लागलो.

पहिले चार दिवस दाखल्याचं नावही काढलं नाही. नानांचं बोट पडद्यावर रेंगाळायचं. आपण टिचकी मारतो तिथे ते दाबून धरत, मग चिन्हं हलायला लागत, नको ती यादी उघडे आणि ते घाबरून फोन खाली ठेवत. मुलांना वाटे आजोबांना समजत नाही. समजत होतं सगळं, बोट उचलायला उशीर होत होता. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, तिथे दाबून धरण्याचा वेळ वाढवता येतो. तो वाढवला, अक्षरं मोठी केली, आणि निम्मी भीती तिथेच गेली. कोरड्या बोटाला पडदा दाद देत नसे, तेव्हा ओल्या फडक्याला बोट टेकवून पुसायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोन देणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं, असं मला मनापासून वाटतं. आपण शिकवायला लागतो ते थेट ॲपपासून, आणि चुकतं ते तिथेच.

पायऱ्या लक्षात ठेवायची युक्ती त्यांची स्वतःची. जुन्या वहीत त्यांनी एक पान आखलं आणि दापोली, गिम्हवणे, आसूद, हर्णे असे थांबे लिहावेत तसे फोनचे थांबे लिहिले: उमंग, मग जीवन प्रमाण (हयातीच्या दाखल्याचं सरकारी नाव), मग आधार नंबर, मग ओटीपी, मग पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर), शेवटी चेहरा. ओटीपीच्या थांब्यावर ते हमखास हरवायचे. मेसेज बघायला बाहेर जात आणि परत ॲपमध्ये येता येत नसे. मग वरून बोट ओढून नंबर तिथल्या तिथे वाचायचा, वहीत लिहायचा आणि मग टाकायचा, असं ठरलं. चेहरा ओळखायला आधार फेस आरडी नावाचं आणखी एक ॲप लागतं. ते घातल्यावरही त्याचं चिन्ह पडद्यावर दिसत नाही, ते आतून चालतं. ते शोधण्यात आमची एक अख्खी दुपार गेली.

याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमची पेन्शन बंद होतेय, आलेला नंबर सांगा." नानांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. आमचा नियम एकच होता: आपण मागवलेला ओटीपी आपल्या हाताने टाकायचा, न मागता आलेला कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हेही वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं आहे.

दाखल्याच्या दिवशी चेहरा दोनदा नाकारला गेला. रेंज फक्त पडवीच्या टोकाला येते. नाना तिथे अंगणाकडे पाठ करून बसलेले, मागून ऊन, चेहरा काळा. खुर्ची फिरवून तोंड अंगणाकडे केलं. फोन पापण्या मिटायला सांगतो, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून नाना डोळे घट्ट आवळून धरतात. "नाना, झोप आल्यासारखं नुसतं मिटा नि उघडा." तिसऱ्या वेळी हिरवी खूण आली. थोड्या वेळाने प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेजही आला. नानांनी आकडे एकेक करून वहीत उतरवले आणि खाली तारीख घातली. नोव्हेंबरच हवा असं ईपीएसला नसतं, दिलेल्या दिवसापासून वर्षभर दाखला चालतो, म्हणून ती तारीख महत्त्वाची.

काकींनी देवापुढे साखर ठेवली. सगळ्यांना हे जमेल असं नाही. शेजारच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊन दाखला काढून गेला. तीही सोय आहे, ती मागायला संकोच करू नये.

मार्चमध्ये फोन अपडेट झाला आणि चिन्हांच्या जागा बदलल्या. नानांचा फोन आला, आवाज कापत होता, "थांबा हलवला गो कोणीतरी." मी गेले. उमंग दुसऱ्या पानावर सापडलं. नानांनी खोडरबर मागितलं, पण पान पेनाने लिहिलेलं. मग नवं पान घेतलं आणि सगळे थांबे पहिल्यापासून पेन्सिलीने लिहिले.